सिझरचे टाके पिकले, उसवले तर काय करायचं: पाचवी ते बारसं आणि त्याच्या पुढचं

नाशकात बावीस वर्षं नर्सिंग केलं मी, त्यातली बरीचशी ड्रेसिंग रूम आणि ओटीत (ऑपरेशन थिएटरात) गेली, आणि सिझरच्या जखमेबद्दल एक गोष्ट इतक्या वेळा बघितली की आता झोपेतून उठवलं तरी सांगेन. ती जखम हॉस्पिटलात क्वचितच बिघडते, बिघडते ती घरी गेल्यावर, पाचवी पुजून झालेली असते आणि बारशाला कोणाकोणाला बोलवायचं ते चाललेलं असतं त्या मधल्या दिवसांत. चौथ्या-पाचव्या दिवशी डिस्चार्ज मिळतो, बाई जाते माहेरी, माहेर असतं दिंडोरी नाहीतर निफाड नाहीतर पार सुरगाण्याकडे, घरात येणारा प्रत्येक जण बाळाचं नाक कोणावर गेलंय ते बघतो, टाक्याकडे कोणीच बघत नाही. आणि जिचे टाके तिला स्वतःला तर ते दिसतच नाहीत, कारण टाका बेंबीच्या खूप खाली आणि बाळंतपणानंतर सैल पडलेलं पोट त्याच्यावर येऊन बसतं.

माझ्या सख्ख्या भाचीचं हेच झालं, दोन वर्षांपूर्वी जुलैत, सातपूरला. नवव्या दिवशी फोन आला, मावशी परकर सारखा ओला लागतोय गं, घाम असेल का. म्हटलं घामाला वास येतोय का कसला, पिवळट आहे का, फोटो काढून पाठव. फोटो बघितला आणि तशीच रिक्षा पकडली. तिची जखम उघडावी लागली, दहा दिवस ड्रेसिंग झालं, मग परत टाके पडले, आता बाई ठणठणीत आहे आणि पोरगं घरभर पळतंय. पण तिने दोन दिवस आधी फोन केला असता तर अर्धा त्रास वाचला असता, आणि फोन का नाही केला तर सासूबाई म्हणाल्या होत्या थोडं पाणी येतंच.

तर हे तिच्यासारख्यांसाठी. मी डॉक्टर नाही, गोळ्यांचे डोस सांगणार नाही. काय बघायचं, कधी पळायचं, डॉक्टर नेमकं काय करतात आणि तुम्ही त्यांना काय विचारायचं एवढं सांगते.

आत किती थर असतात ते आधी

बहुतेक सिझर आता आडव्या छेदातून होतात. फॅननस्टील नावाच्या जर्मन डॉक्टरने तो १९०० साली मांडला, ओटीत अजूनही त्याच नावाने ओळखतात. वरून आत जाताना आधी कातडी, मग चरबी, मग एक पांढरा चिवट पडदा ज्याला डॉक्टर शीथ म्हणतात, मग स्नायू (ते सहसा कापत नाहीत, मधून बाजूला सारतात), मग पोटाचं आतलं पातळ अस्तर आणि मग पिशवी, म्हणजे गर्भाशय. पोटाला धरून ठेवायची खरी ताकद त्या शीथमध्ये आहे. हे एवढ्यासाठी सांगितलं की टाके उसवले म्हटलं की घरात रडारड सुरू होते, आता आतडी बाहेर येणार म्हणून. बहुतेक वेळा उघडलेली असते ती फक्त कातडी आणि चरबी, शीथ खाली शाबूत असते. दिसायला भयंकर दिसतं, मान्य, चार बोटं मावतील एवढी खोल फट असते कधीकधी, पण ते भरून येतं.

बिघडतं कशामुळे तर चरबीच्या थरात रक्त किंवा पाणी साचतं आणि त्यात जंतू वाढतात, बऱ्याचदा आपल्याच कातडीवरचे. कळा खूप वेळ चालून मग रात्री दोनला इमर्जन्सी सिझर झालेलं असेल, पाणमोट फुटून बरेच तास झाले असतील, वजन जास्त असेल, शुगर असेल, हिमोग्लोबिन कमी असेल, तर धोका वाढतो. आणि मिश्री! ही गोष्ट बायका डॉक्टरला सांगतच नाहीत. मिश्रीत तंबाखू असतो, तंबाखूने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, जखमेला रक्त कमी पोचतं, जखम भरायला वेळ लागतो. आजी लावते, आई लावते, म्हणून बाळंतीणही लावते. निदान टाके भरेपर्यंत तरी डबी लपवून ठेवा. बाळालाही ते दुधातून जातं.

हॉस्पिटलवाले त्यांच्या बाजूने बरंच करतात, छेद घ्यायच्या आधी तासाभरात अँटिबायोटिकचं इंजेक्शन, कातडी नीट स्वच्छ करणं, चरबी दोन सेंटिमीटरपेक्षा जाड असेल तर तिला वेगळे टाके घालणं. एवढं करूनही काही जखमा पिकतातच. म्हणून कोणाच्या टाक्याला पाणी सुटलं की लगेच तू जिना चढलीस म्हणून, तू भात खाल्लास म्हणून, असं तिच्या डोक्यावर टाकू नका. भाताने, डाळीने, वांग्याने टाके पिकत नाहीत. उलट डाळ बंद केली की प्रोटीन बंद होतं आणि जखम भरायला तेच लागतं.

रोज बघायचं कसं

वरची पट्टी साधारण दुसऱ्या दिवशी निघते, तेव्हापासून रोज एकदा. सकाळी बाळ झोपलं की आडवं व्हायचं, आईला नाहीतर नवऱ्याला पोटाची घडी दोन्ही हातांनी हळूच वर धरायला सांगायचं, हात साबणाने धुऊन हं, आणि मोबाईलने फोटो काढायचा. रोज त्याच खिडकीजवळ, त्याच अंतरावरून. आज काय आहे यापेक्षा कालच्यापेक्षा काय बदललं ते महत्त्वाचं असतं आणि ते फोटोंशिवाय कोणाच्या लक्षात राहत नाही. लाजायचं काही नाही, फोटो दुसऱ्या कोणाला दाखवायचाच नाहीये, आणि वेळ आली तर डॉक्टरला तोच दाखवला की अर्धी हिस्ट्री तिथेच होते.

टाक्याच्या कडेला लाली दिसली तर बॉलपेनने तिच्या हद्दीवरून रेघ मारा. दुसऱ्या दिवशी लाली रेघेच्या आत असेल तर ठीक, रेघ ओलांडली तर निघा. ही साधी युक्ती मला एका जुन्या सिस्टरने शिकवली, आणि आजही मी स्कॅन-बिनच्या आधी तीच करते.

काय चालतं तेही ऐका, नाहीतर रोज घाबराल. टाक्याच्या वरची कातडी बधिर लागणं नॉर्मल आहे, ते महिनोन्‌महिने राहू शकतं, बारीक नसा कापल्या गेलेल्या असतात. खाज, एका टोकाला गाठीसारखं टोचणं, हिरवट-जांभळा डाग, टाक्याखाली दोरीसारखं कडक लागणं, हे सगळं चालतं. पहिल्या दोन-तीन दिवसांत पट्टीला किंचित लालसर पाणी लागलं तर तेही चालतं.

काय चालत नाही ते आता. चौथ्या-पाचव्या दिवसानंतर दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढायला लागलं, एकाच जागी गरम आणि फुगीर लागतंय, पिवळं किंवा मातकट पाणी येतंय, वास येतोय, टाक्याच्या दोन कडांमध्ये फट दिसतेय, किंवा ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याच्या वर गेला, यातलं एक जरी झालं तरी त्याच दिवशी डॉक्टर, बारसं झाल्यावर नाही. फिकट पिवळं पातळ पाणी, ताप नाही, वास नाही, असं असेल तर नुसतं साचलेलं पाणी असू शकतं, काळपट घट्ट असेल तर जुनं रक्त. पण ते घरी बसून ठरवायचं नाही. ताप असेल तर तो टाक्याचाच असेल असंही नाही, छातीत दुधाची गाठ, लघवीचं इन्फेक्शन, पिशवीचं इन्फेक्शन (अंगावरून जाणाऱ्याला घाण वास येतो), आणि पावसाळ्यात डेंग्यू-मलेरिया, सगळंच डॉक्टर बघतात. जखम बिघडायची शक्यता बारशानंतर लगेच संपते असंही नाही, महिनाभर लक्ष ठेवायचं.

तीन गोष्टींना मात्र फोनाफोनी करत बसायचं नाही. एक, खोकला आला किंवा उठताना आत काहीतरी सुटल्यासारखं वाटलं आणि एकदम भरपूर गुलाबी पाणी आलं. म्हणजे शीथ उघडली असू शकते. आतलं काही बाहेर दिसलं तर आत ढकलायचं नाही, स्वच्छ सुती कापड उकळून गार केलेल्या पाण्यात किंवा सलाईनमध्ये भिजवून वरून झाकायचं, गुडघे वाकवून पाठीवर झोपवायचं, खायला प्यायला काही नाही द्यायचं, ऑपरेशन लागणार असतं, आणि १०८ ला फोन. दोन, कातडी जांभळी-काळी पडायला लागली, फोड आले, दाबल्यावर बोटाखाली कुरकुरल्यासारखं लागतंय, आणि दुखणं इतकं की दिसणाऱ्या जखमेशी त्याचा मेळच बसत नाही. हे दुर्मीळ आहे पण तासातासाला पसरतं. ते पहिल्या दोन दिवसांतही होऊ शकतं, म्हणजे तुम्ही अजून हॉस्पिटलातच असाल, तर रात्री तीनला का होईना सिस्टरला उठवा, आम्ही चिडलो तरी चिडू द्या. तीन, थंडी वाजून ताप, धाप, बरळणं, छातीत धडधड.

घरात काय करायचं, काय नाही

आंघोळ चालते. पाणी वरून वाहू द्यायचं, घासायचं नाही, मग स्वच्छ पंचाने टिपून पंख्याखाली पाच मिनिटं पडून राहायचं. नाशिकचा एप्रिल-मे तुम्हाला माहीतच आहे, पारा चाळिशीला टेकतो, घडीत घाम साचतो आणि टाका दिवसभर शिजल्यासारखा ओला राहतो. घडीत सुती मऊ कापडाची पातळ घडी ठेवायची आणि ओली झाली की बदलायची. परकराची नाडी टाक्यावर येऊ द्यायची नाही, गाऊन घाला सरळ. पोटाला पट्टा बांधला तर उठायला-खोकायला बरं वाटतं, हरकत नाही, पण टाक्यावर रुतेल इतका आवळू नका आणि झोपताना काढा.

शेक-शेगडीचं काय, हे विचारल्याशिवाय एकही आजी मला सोडत नाही. थंडीत खोली उबदार ठेवा, त्याला कोण नाही म्हणतंय, पण खाटेखाली कोळसे ठेवून ओव्याची धुरी थेट ओल्या टाक्याला देऊ नका. त्या भागातली कातडी बधिर असते, भाजलेलं कळत नाही, मी असे दोन भाजलेले टाके स्वतः ड्रेस केलेत. मालिशवाली बाई येते तिला पाठ, पाय, डोकं करू द्या, पोटाला तेलाचा हात टाके पूर्ण कोरडे होईपर्यंत नाही. हळद, जखमेवरची पावडर, काही म्हणजे काही टाकायचं नाही. पावडरीची खपली धरते, वरून जखम सुकल्यासारखी दिसते आणि खाली पू कोंडतो.

डिंकाचे लाडू, आळिवाची खीर खाऊ द्या, पण तेवढ्यावर जखम भरत नाही. डाळ, मटकी, दूध, दही, अंडी, चालत असेल तर मासे-मटण, हिरवी भाजी, लिंबू-पेरू-आवळा. शुगर असेल तर लाडवांवर हात आवरा. लोहाच्या गोळ्या चहासोबत घेऊ नका, चहाने लोह नीट शोषलं जात नाही.

एक आणखी. माहेरी जायच्या आधी डिस्चार्ज कार्डावर टाके कधी काढायचे की विरघळणारे आहेत, आणि काही झालं तर कुठे दाखवायचं, हे लिहून घ्या. आशाताई सातव्या, चौदाव्या दिवशी घरी येतात त्या मुख्य बाळासाठी, पण त्यांना ताई माझा टाका पण बघा म्हणायला काय जातं, बहुतेक जणी बघतात.

डॉक्टरकडे गेल्यावर

डॉक्टर आधी बोटाने दाबून बघतील, पू कुठे साचलाय ते कळायला कधी सोनोग्राफी करतील. पू असेल तर एक-दोन टाके काढून तेवढी जागा उघडतात, आतलं बाहेर काढतात, आणि बोटाने किंवा चिमट्याने खोली बघून शीथ शाबूत आहे ना ते तपासतात. हे तुम्ही मुद्दाम विचारा, डॉक्टर, शीथ ठीक आहे ना? हो म्हटलं की रात्रीची झोप परत येते. पुवाचा नमुना कल्चरला, म्हणजे जंतूंच्या तपासणीला पाठवतात, दोन-तीन दिवसांनी रिपोर्ट येतो कुठलं औषध लागू पडेल त्याचा. अँटिबायोटिक सुरू असेल तर आधीच सांगा.

इथे बऱ्याच नातेवाइकांचं बिनसतं. टाके घातले ते परत उघडताय कशाला, गोळ्या द्या ना स्ट्राँग. अहो कोंडलेल्या पुवापर्यंत गोळीचं औषध नीट पोचतच नाही. पू बाहेर येणं हेच मुख्य औषध. आजूबाजूला लाली पसरली असेल, ताप असेल, तर गोळ्या-इंजेक्शन लागतात, नाहीतर कधी नुसत्या ड्रेसिंगवरही भागतं. आणि घेत असाल तर अंगावर पाजते हे डॉक्टरला सांगा, पाजताना चालणारी अँटिबायोटिक्स भरपूर आहेत, जखम पिकली म्हणून दूध तोडायची बहुतेक वेळा काहीच गरज नसते. त्या दुधाला काही होत नाही, आणि बाळालाही नाही.

ड्रेसिंगचे दिवस

हे दिवस सगळ्यात कंटाळवाणे आणि सगळ्यात महत्त्वाचे. रोज एकदा, पू जास्त असेल तर दोनदा, जखम सलाईनने धुतात, आतला पिवळा-राखाडी मेलेला भाग (आम्ही स्लफ म्हणतो) जमेल तेवढा काढतात, आणि सलाईनने ओला केलेला गॉज (ड्रेसिंगचं जाळीदार कापड) आत हलक्या हाताने ठेवतात. हलक्या हाताने हे महत्त्वाचं. उशीत कापूस कोंबतात तसा गॉज कोंबला की आतलं पाणी बाहेर यायला वाट राहत नाही आणि कडांचं रक्त दाबलं जातं. खूप सेन्टरला अजूनही रोज हायड्रोजन पेरॉक्साईड ओततात, फेस येतो म्हणून सगळ्यांना वाटतं काम झालं, पण तो नवीन येणारं मांसही मारतो. मला विचाराल तर एखादवेळी डॉक्टरच्या सांगण्याने ठीक, रोज नको.

चिकटलेला सुका गॉज कोणी खस्सकन ओढत असेल तर हात धरा. सिस्टर, आधी सलाईन टाका ना त्याच्यावर, पाच मिनिटं भिजू द्या. हे सांगायचा तुम्हाला हक्क आहे. ड्रेसिंगच्या अर्धा-पाऊण तास आधी डॉक्टरने दिलेली दुखायची गोळी घ्या, निघायच्या आधी बाळाला पोटभर पाजा, म्हणजे तुम्ही टेबलावर आणि बाहेर बाळ टाहो फोडतंय असं होत नाही. भाचीच्या वेळी आम्ही सकाळी साडेआठची वेळ धरली, डॉक्टरांच्या ओपीडीची गर्दी सुरू व्हायच्या आत.

गाव लांब असेल तर रोज पेठवरून नाशकात जीपने खड्ड्यांतून येण्यापेक्षा ड्रेसिंग कसं करायचं ते चिठ्ठीवर लिहून घ्या आणि जवळच्या पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) करून घ्या, आठवड्यातून एक-दोनदा डॉक्टरला दाखवायचं. फोटो तर आहेतच.

जखम सुधारतेय हे ओळखायचं कसं तर रंगावरून. आधी पिवळी-राखाडी, मग मधूनमधून लाल, मग पूर्ण लाल, ओलसर, दाणेदार, गॉज लागला तरी टिपकन रक्त येणारी. आम्ही बायकांना सांगायचो सटाण्याचं डाळिंब फोडल्यावर आत दिसतं ना, तसं दिसायला लागलं की समजायचं काम झालं. बागलाणच्या एका आजींनी मला दुसऱ्या दिवशी अर्धं डाळिंब आणून दाखवलं, असं का म्हणून. असंच.

मोठी आणि खोल जखम, जाड चरबी, असं असेल तर काही ठिकाणी व्हॅक्युम लावतात. जखमेत स्पंज, वरून चिकट पारदर्शक फिल्म, आणि नळीने मशिन सतत ओढतं, साधारण पाऱ्याच्या १२५ मिलिमीटर दाबावर, आतलं पाणी निघत राहतं. दोन-तीन दिवसांनी स्पंज बदलतात. चांगलं आहे, रोजचं ड्रेसिंग वाचतं, पण खर्चिक, सगळ्यांना लागतं असंही नाही, तेव्हा लावायचं म्हणाले तर किती वेळा बदलणार आणि दर वेळचे किती हे आधी विचारून घ्या.

परत टाके कधी आणि कसे

उघडलेली जखम दोन प्रकारे बंद होते. एक, तळापासून आपोआप भरत वर येते. छोटी आणि उथळ फट असेल, दोन-तीन सेंटिमीटरची, तर हेच बरं, वर ऑपरेशनचा ताप नको. दुसरा प्रकार म्हणजे परत टाके, फाईलवर सेकंडरी सुचरिंग लिहितात. मोठी जखम नुसती भरायला दोन महिने आणि त्याच्या वर लागू शकतात, परत टाके घातले तर दोन-तीन आठवड्यांत प्रकरण मिटतं. अंगावर पिणारं बाळ असताना दोन महिने रोज ड्रेसिंगला जायचं म्हणजे काय ते जिने केलंय तिलाच माहीत, म्हणून मोठ्या जखमेला परत टाकेच बरे असं माझं मत, पण घाईत नाही.

घाई म्हणजे काय तर आज पू काढला आणि परवा टाके घाला. नातेवाईक खूप मागे लागतात, बारशाच्या आधी करून टाका म्हणून. आत पू राहिला आणि वरून बंद केलं की परत पिकतं, परत उघडावं लागतं, आणि या वेळी कडा आणखी खराब. पू थांबलाय, ताप नाही, आजूबाजूची लाली गेली, तळ डाळिंबासारखा लाल, हे जमलं की टाके. पू काढल्यापासून हे जमायला साधारण चार दिवस ते आठवडा, कधी दोन आठवडे. भाचीला दहा दिवस लागले.

त्या आधी हिमोग्लोबिन आणि शुगर परत बघतात, हिमोग्लोबिन फार कमी असेल तर आधी ते वाढवतात, शुगर वर असेल तर आधी ती आटोक्यात. हे सोडून टाके घातले तर परत उसवायची शक्यता राहते, म्हणून तुमच्या डॉक्टरने चार दिवस थांबा म्हटलं तर रागावू नका.

छोटं असेल तर जागेवर भूल देऊन करतात, मोठं असेल तर कमरेत इंजेक्शन, सिझरला दिलं होतं तसंच. कमरेतलं असेल तर साधारण सहा तास उपाशी, पाणी किती वेळ आधीपर्यंत चालेल ते भूलवाल्या डॉक्टरला विचारा. टेबलावर जखम परत धुतात, कडांची जुनी चिवट कातडी थोडी कापून किंवा खरवडून ताजी करतात, रक्त यायला लागेपर्यंत, कारण सुकलेली कड सुकलेल्या कडेला कधी चिकटत नाही. मग नायलॉनच्या जाड टाक्यांनी, कातडी आणि चरबी एकत्र घेत, खाली पोकळी राहणार नाही असे टाके घालतात, मॅट्रेस म्हणतात त्याला, खरंच गादीला घालतात तसे लांब-लांब. मध्ये मुद्दाम थोडं अंतर सोडतात, पाणी साचलं तर निघावं म्हणून. खोल जखमेत दोन-तीन दिवसांसाठी बारीक नळी ठेवतात. अर्धा-पाऊण तासाचं काम.

दिसायला हे टाके पहिल्यासारखे नाजूक नसतात, काळे, जाड, मधे कातडी उचललेली. घाबरू नका, सांगितलं नसलं की बायका बघून रडतात म्हणून आत्ताच सांगून ठेवते. ते दहा ते चौदा दिवसांनी काढतात, कधी आधी एक आड एक. लवकर काढा म्हणून मागे लागू नका, एकदा उसवलेली कातडी धरायला जास्त वेळ घेते. टाके निघाले म्हणजे जखम पक्की झाली असंही नाही, सहा आठवड्यांनी कातडीत मूळच्या ताकदीच्या निम्मी-अर्धी आलेली असते, तीन महिन्यांनी साधारण ऐंशी टक्के, आणि पूर्वीइतकी कधीच होत नाही. तोवर पाण्याची कळशी, गॅसची टाकी, मोठ्या पोराला कडेवर घेणं दुसऱ्या कोणावर सोपवा. खोकला-शिंक आली की उशी पोटाशी धरा. संडासला जोर लावावा लागत असेल तर डॉक्टरकडून औषध घ्या, कुंथून कुंथून टाके उसवलेले मी बघितलेत.

शीथच उघडली असेल तर मात्र ते वेगळं, मोठं ऑपरेशन, पूर्ण भूल, जाड धाग्याने शीथ परत बांधतात, हॉस्पिटलात जास्त दिवस. छोट्या नर्सिंग होमने तिथून मोठ्या ठिकाणी हलवायला सांगितलं तर ऐका, त्र्यंबक रोडला सिव्हिल आहे, आडगावला मेडिकल कॉलेज आहे, तिथे सर्जन आणि आयसीयू हाताशी असतात.

खर्चाचं म्हणाल तर सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझरसुद्धा, औषधं, तपासण्या आणि येण्याजाण्याची गाडी २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात फुकट आहे, टाके बिघडले तरी तिथेच जाऊन दाखवा, रेशनकार्ड-आधार सोबत ठेवा. प्रायव्हेटला झालं असेल तर सरळ विचारा, ड्रेसिंगचे वेगळे लावणार का, परत टाक्यांचे किती, काही ठिकाणी स्वतःच्या पेशंटचं ड्रेसिंग पैसे न घेता करतात, विचारल्याशिवाय कळत नाही.

काही महिन्यांनी, वर्षांनी

टाक्यावर एकच पुळी येते, फुटते, बंद होते, परत येते, असं चालू असेल तर बहुतेक आत न विरघळणाऱ्या धाग्याची गाठ कुरकुरतेय, जागेवर भूल देऊन ती काढली की प्रश्न मिटतो. पण औषधं, ड्रेसिंग सगळं करूनही महिनोन्‌महिने वाहतंच असेल तर त्यातला तुकडा तपासायला पाठवायला सांगा, आपल्याकडे टीबी किंवा त्याच्या जातीचे जंतू कधी कधी तिथेच दडलेले निघतात, आणि त्याचं औषध साध्या अँटिबायोटिकपेक्षा एकदम वेगळं असतं.

टाक्याजवळ गाठ आहे आणि ती पाळीच्या दिवसांतच दुखते, फुगते, मग कमी होते, तर ते पिशवीचं अस्तर टाक्यात रुजलेलं असू शकतं. बायका दोन-दोन वर्षं ती गाठ चरबीची म्हणून अंगावर काढतात. पाळीशी मेळ बसतोय हे वाक्य डॉक्टरला तोंडाने सांगा, त्यावरूनच निदान फिरतं. त्याला आजूबाजूच्या थोड्या चांगल्या भागासकट काढतात. उभं राहिल्यावर, खोकल्यावर फुगवटा येतो आणि आडवं पडल्यावर जातो, तो हर्निया, त्याला जाळी टाकून ऑपरेशन. तो फुगवटा अचानक कडक होऊन दुखायला लागला, आत जात नाही, उलट्या होतायत, तर तीच रात्र इमर्जन्सी.

टाक्याची रेघ जाड, लाल, खाजरी झाली असेल तर जखम पूर्ण बंद झाल्यापासून सिलिकॉनचं जेल किंवा पट्टी दोन-तीन महिने नेटाने लावा, एक दिवस आड नाही, रोज. मूळ रेघेच्या बाहेर पसरत चाललेली असेल तर ते केलॉइड, त्यात तीन-चार आठवड्यांच्या अंतराने इंजेक्शनं देतात, नुसतं कापून काढायचं कोणी म्हटलं तर दुसरं मत घ्या, नुसतं कापलेलं केलॉइड बरेचदा पहिल्यापेक्षा मोठं होऊन येतं. आणि खाली लटकणारं पोट, वरून ओढल्यासारखा टाका, हे प्लास्टिक सर्जनकडे नीट करता येतं, पण मुलं झाली की, वजन स्थिर झालं की, अंगावरचं दूध बंद होऊन काही महिने गेले की. आत्ता, बारशाच्या महिन्यात, त्याचा विचार सोडा.

पुढच्या खेपेला जुनी फाईल घेऊनच पहिल्या तपासणीला जा. कातडी पिकली म्हणजे पिशवीचा टाकाही कच्चा असं नसतं, ते दोन वेगळे टाके आहेत, पण मागच्या वेळी टाके उसवले होते, परत घातले होते, कल्चरमध्ये अमुक जंतू होता, हे कळलं तर डॉक्टर या वेळी अँटिबायोटिक, चरबीचे टाके, वजन-शुगर सगळ्याची आधीच तयारी करतात. भाचीची फाईल माझ्या कपाटात आहे, कारण तिच्या घरी ती तिसऱ्या दिवशी रद्दीत गेली असती.